रजेचा अर्ज आणि देवाची स्तुती

ताई, जय ख्रिस्त.

मी नाशिकरोडला राहते. वय 36, एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. चार महिन्यांपूर्वी माझे बाबा गेले. ते रिक्षा चालवायचे. दफनविधीला आम्ही कधी न पाहिलेली माणसं आली होती. एका बाईने सांगितलं, ‘रात्री दोनला माझ्या पोराला दवाखान्यात नेलं होतं त्यांनी, पैसे घेतले नाहीत.’ आम्हाला हे ठाऊकच नव्हतं.

आमच्याकडे दर गुरुवारी आळीपाळीने कुणाच्या तरी घरी प्रार्थना सभा असते. मागच्या महिन्यात माझी पाळी आली तेव्हा तोंडून एवढंच निघालं, ‘देवा, आईला रात्री झोप लागू दे.’ आमेन म्हणून बसले. चहाच्या वेळी एक मावशी जवळ येऊन म्हणाल्या, ‘बाई, असं एकदम मागायचं नसतं. आधी स्तुती करायची. परमेश्वर काय आपला नोकर आहे?’

तेव्हापासून प्रार्थनाच होत नाही. स्तुती करायला लागले की ऑफिस आठवतं. रजा मंजूर करून घ्यायची असली की आम्ही आधी साहेबांच्या नव्या शर्टाचं कौतुक करतो, मग अर्ज पुढे सरकवतो. देवालाही हेच लागतं का? आणि मनात काही नसताना केलेली स्तुती खोटीच नाही का?

– स्तुती न जमणारी

•

जय ख्रिस्त. वयाने तू माझ्या मुलीएवढी, म्हणून सरळ ‘तू’ म्हणते. या तू-तुम्हीचा विषय पुढे निघणारच आहे.

आधी आईचं. चार महिने झाले आणि अजून झोप नाही, तर तिला डॉक्टरांकडे घेऊन जा. ‘दुःख आहे, होईल कमी’ म्हणत बसू नकोस. प्रार्थना चालू ठेव आणि डॉक्टरांची वेळही घे. आपल्या मंडळीत काहींना यात विश्वास कमी पडल्यासारखं वाटतं. मला वाटत नाही.

आता साहेबांचा शर्ट. तुझं पत्र वाचताना या जागी मी मोठ्याने हसले, कारण 31 वर्षं शाळेत मराठी शिकवताना मीही असल्या शर्टांचं पुष्कळ कौतुक केलंय. या प्रकाराला आपल्या भाषेने ‘तोंडपुजेपणा’ असा फार नेमका शब्द दिलाय. पूजा तोंडाने, बाकी कशानेच नाही. आता मला सांग, साहेबांसमोर त्या शर्टाचं कौतुक होतं, पण जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की त्याच शर्टाविषयी काय बोलता? उत्तर लिहून पाठवू नकोस, मला ठाऊक आहे.

आणि ती दफनविधीला आलेली बाई? तुझे बाबा ऐकायला नव्हते. तिला कुठली रजा मंजूर करून घ्यायची नव्हती. तरी उन्हातान्हात कबरस्थानापर्यंत आली आणि अनोळखी माणसांना सांगून गेली. कौतुक ज्याचं, त्याला ते ऐकूही जात नव्हतं. तिला गप्प राहवलं नाही, एवढंच. स्तुती म्हणजे काय ते तुला तुझ्या घरातल्या सर्वांत वाईट दिवशी कुणीतरी दाखवून गेलंय, आणि तू मला विचारतेस!

आपण गुरुवारी उठता-बसता जो शब्द म्हणतो तो जरा उकलून बघ. हालेलुया. मूळ हिब्रूत ‘हालेलू’ हे अनेकवचनी आज्ञार्थी रूप आहे, म्हणजे तुम्ही सगळे स्तुती करा. ‘याह’ हे परमेश्वराच्या नावाचं लहान रूप. मराठी पवित्र शास्त्रात त्याचं ‘परमेशाचे स्तवन करा’ असं भाषांतर येतं. म्हणजे हा शब्द देवाला उद्देशून नाहीच, तो शेजारी बसलेल्याला उद्देशून आहे! स्तोत्रसंहितेतलं सर्वांत छोटं स्तोत्र 117 वं, दोनच ओव्यांचं, आणि त्यातही हाक राष्ट्रांना आणि लोकांना आहे. आता खुशामत करणारा असं कधी करतो का? तो साहेबांच्या केबिनमध्ये गोड बोलेल, पण बाहेर येऊन शिपायाला ‘चल, तूही कौतुक कर’ म्हणणार नाही. त्याला तर वाटत असतं, दुसऱ्याने न केलेलंच बरं.

देवाला याची गरज आहे का, हा तुझा प्रश्न जुना आहे आणि शास्त्रानेच त्याचं उत्तर जरा खडसावून दिलंय. 50 व्या स्तोत्रात देव म्हणतो, मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, सगळं जगच माझं आहे. बैल-बोकड घेऊन येणाऱ्यांना उद्देशून आहे ते, पण मोठमोठी विशेषणं घेऊन येणाऱ्यांनाही चालेल. माझी एक कॅथलिक मैत्रीण आहे. तिच्यामुळे कळलं की त्यांच्या मिस्सामध्ये याजक म्हणतो त्या प्रार्थनांपैकी एकीत देवाला स्पष्टच सांगितलंय, तुला आमच्या स्तुतीची गरज नाही, तुझे आभार मानावेसे वाटणं हीसुद्धा तुझीच देणगी आहे, आमच्या स्तुतीने तुझ्या थोरवीत काही भर पडत नाही. हे बोललं कुठे जातं, तर ऐन उपासनेत, देवाच्या तोंडावर. साहेबांना असं सांगून बघ.

मावशींच्या ‘आधी’कडे येते. आधी स्तुती, मग मागणं, हा क्रम कुठून आला? बहुतेकजण प्रभूच्या प्रार्थनेकडे बोट दाखवतात, आणि त्यात तथ्य आहे. भाकर मागण्याआधी तिथे नाव, राज्य आणि इच्छा ही तिन्ही देवाची येतात. पण व्याकरणाच्या बाईला जरा बोलू दे. ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ यातलं ‘जावो’ बघ. हे वर्णन नाही, हे मागणं आहे. मूळ ग्रीकमध्येही तसंच आहे. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत पहिल्या ओळीपासून मागणंच आहे. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ एवढी एक हाक, आणि लगेच मागायला सुरुवात. त्याच्या आधी मत्तयाच्या शुभवर्तमानात, त्याच अध्यायात, त्याने बजावलंय की निरर्थक बडबड करू नका, फार बोलल्याने ऐकलं जातं असं समजू नका.

आणखी एक गंमत. आपण शेवटी ‘कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव’ म्हणतो ना, ते मत्तयाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांमध्ये नाही. लूकने दिलेल्या प्रार्थनेतही नाही. म्हणून आपल्या पुस्तकात ते शब्द कंसात असतात. सुरुवातीच्या मंडळ्या उपासनेत ही प्रार्थना म्हणायच्या, आणि शेवटी तो गौरवाचा उद्गार त्यांच्याकडून जोडला गेला असं अभ्यासक मानतात. भाकर मागून झाली, क्षमा मागून झाली, वाइटापासून सोडव म्हणून झालं, आणि मग लोकांना तिथे थांबवेना. स्तुती शेवटी आली.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचंही तसंच. पाण्यात बुडायला लागला तेव्हा ‘प्रभूजी, मला वाचवा’ एवढंच ओरडला. त्या वेळी तिथे आपल्या मावशी असत्या तर म्हणाल्या असत्या, अरे आधी दोन शब्द स्तुतीचे! येशूने लगेच हात पुढे केला, असं लिहिलंय. दोघे मचव्यात चढले, वारा पडला, आणि मग मचव्यातले लोक येशूच्या पाया पडले. बुडणाऱ्या माणसाला क्रम विचारायचा नसतो. तुझ्या आईला झोप लागत नाही आणि तू चार महिने पाण्यातच आहेस.

मावशींवर मात्र रागावू नकोस. त्यांचं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं मोठं आहे.

तू नाशिकची आहेस, म्हणून हे तुला चटकन कळेल. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला, की सगळं गाव रामकुंडाकडे लोटतं. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय, गुडघ्याला की छातीला, हे बघायला. 2019 च्या ऑगस्टमध्ये मीही नातवाला घेऊन गेले होते, नको म्हणत असताना. पुलाजवळ एवढी गर्दी आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. माझ्या शेजारचा फुगेवालाही पिपाणी वाजवायची थांबला होता. ते लाल पाणी, त्यात वाहत चाललेलं कुणाचं तरी लाकडी फाटक, आणि तो आवाज. कुणालाच तिथून हलवत नव्हतं आणि कुणी एक पाऊल पुढेही टाकत नव्हतं. मी नातवाचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की घरी आल्यावर बोटांचे वळ दिसले. पवित्र शास्त्रात ‘परमेश्वराचे भय’ म्हटलेलं असतं ना, त्याचा अर्थ मी वर्गात आणि शब्बाथशाळेत अनेकदा सांगितला होता. त्या दिवशी पहिल्यांदा अंगाला लागला. पळून जावंसं वाटतं ते भय वेगळं. हे भय जवळ खेचतं आणि गाफील राहू देत नाही.

मावशींना बहुधा हेच म्हणायचं होतं, त्यांच्या तोंडी ‘नोकर’ आला, कारण माणसाला उपमा हाताशी असतात त्याच सुचतात. नळाची चावी फिरवावी तसं आपण देवाकडे जातो तेव्हा आपण कुणाशी बोलतोय हेच विसरलेले असतो. यशया संदेष्ट्याला मंदिरात देवाचं दर्शन झालं, सराफीम नावाचे स्वर्गातले सेवक ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ म्हणत होते, तेव्हा त्याला काही मागायचं सुचलंच नाही. त्याला पहिली आठवण झाली ती आपल्या ओठांची, की ते अशुद्ध आहेत.

पण आदर म्हणजे अंतर नाही, आणि इथे आपली मराठी आपल्याला एक सुंदर गोष्ट देऊन गेलीय. तुमच्या घरी बाबांना काय म्हणायचीस? ‘अहो बाबा’ असणार. आणि आईला? ‘अगं आई.’ (हल्लीची पोरं ‘ए बाबा’ म्हणतात, ते जाऊ दे.) आता प्रार्थनेत बघ. आपण देवाला पिता म्हणतो, आणि ‘तुझे राज्य येवो’ म्हणतो. हाक वडिलांची, पण सर्वनाम आईचं! असं सर्वनाम वापरणाऱ्याला आपण कधी उद्धट म्हटलं नाही. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आला, त्याने 1616 साली छापलेलं ख्रिस्तपुराण मराठी रीतीप्रमाणे नमनाने सुरू केलं, आणि त्यात हाक काय मारली, तर ‘देवा बापा’. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तर तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलेले. त्यांनी ख्रिस्ताला आई आणि गुरू अशा दोन्ही नात्यांनी आळवलं. त्यांच्या भजनांवर वाढलेल्या मंडळीत एखादी मुलगी ‘देवा, आईला झोप लागू दे’ म्हणते तेव्हा ती परंपरेबाहेरचं काय बोलली, मला तरी कळत नाही.

फेब्रुवारीत तुमच्याच नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला जाऊन बघ. कुठून कुठून माणसं येतात, कितीतरी तर ख्रिस्तीही नसतात. रांगेत तासन्‌तास उभं राहायचं, समोर आलं की मूल, नोकरी, आजारपण, जे असेल ते सांगायचं. स्तुतीचे शब्द कुणाला येतात तिथे? पण तेवढा वेळ उभे राहिले, डोकं टेकवलं, उतरताना मागे वळून पुन्हा एकदा पाहिलं. हात-पायही स्तुती करतात.

हात-पायांवरून माझ्या वडिलांचं सांगते. ते प्रेसमध्ये होते, नाशिकरोडच्याच. सकाळच्या पाळीला जाताना दारात बसून बूट घालायचे, नाड्या घट्ट बांधायचे, आणि मग त्यांना आठवायचं की प्रार्थना राहिली. पुन्हा नाड्या सोडायच्या, बूट काढायचे, अनवाणी उभं राहायचं, एक हात चौकटीवर. मोशेला झुडपातून सांगितलं होतं ना, पायातले जोडे काढ, म्हणून. आणि प्रार्थना म्हणजे काय, तर, ‘हिचा ताप उतरवलास. नळाला पाणी आलं. सायकल पंक्चर झाली नाही. बापा, तू चांगला आहेस.’ झालं. पुन्हा बूट, पुन्हा नाड्या. मी एकदा विचारलं, ‘आधी प्रार्थना करून मग बूट घाला ना, रोज काय ही दुप्पट मेहनत?’ तर म्हणाले, ‘बूट घातल्याशिवाय आठवण होत नाही गं.’

थोर पाळकांच्या लांबलचक स्तुती मी पुष्कळ ऐकल्यात. पंधरा-पंधरा मिनिटं, सर्वसमर्थ, सर्वज्ञ, सेनाधीश, एकामागून एक. काही खरोखर अंगावर काटा आणणाऱ्या होत्या. काही अर्जातल्या ‘महोदय’सारख्या. पण ‘सायकल पंक्चर झाली नाही’ ही स्तुती मी विसरू शकले नाही. आपल्याकडे ‘उपकारस्तुती’ असा जोडशब्द आहे, तो उगाच नाही. उपकार मोजता मोजता माणूस उपकार करणाऱ्यापाशी येतो. वडिलांच्या पहिल्या तीन वाक्यांत उपकार होते, चौथ्यात स्तुती.

आता तुझा शेवटचा प्रश्न, आणि खरं तर हाच पहिला होता. मनात काही नसताना केलेली स्तुती खोटी का?

माझे यजमान अतिदक्षता विभागात सहा दिवस होते. मी बाहेर बाकावर. कोणत्या रुग्णालयात ते सांगत नाही. तिसऱ्या दिवशी मंडळीतले एक भाऊ भेटायला आले. चांगले, मनापासून आलेले. म्हणाले, ‘ताई, या परिस्थितीतही धन्यवाद द्या. पौल आणि सीला तुरुंगात मध्यरात्री गाणी गात होते.’ मी मान डोलावली. ते गेल्यावर मला त्यांचा इतका राग आला की त्यांनी आणलेली मोसंबी मी शेजारच्या बाईंना देऊन टाकली. त्या रात्री माझी प्रार्थना चार शब्दांची होती, ‘तू बघतोयस ना रे?’ त्या ‘रे’मध्ये आदर नव्हता, भक्ती नव्हती. पण मी दुसऱ्या कुणाला विचारत नव्हते.

पुढे कधीतरी स्तोत्रसंहिता पुन्हा सावकाश वाचली. या पुस्तकाचं हिब्रू नाव ‘तेहिल्लीम’, म्हणजे स्तवनं. आणि आत काय आहे? त्या 150 स्तोत्रांमध्ये सर्वांत मोठा गट रडगाऱ्हाण्यांचा आहे. तेराव्याची सुरुवातच ‘परमेश्वरा, किती दिवस? मला कायमचा विसरलास का?’ अशी. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. त्याला शेवटी कुणी गोड ओळ जोडली नाही. ज्यांनी हे संग्रहित केलं त्यांनी ही सगळी तक्रार एकाच पोथीत ठेवली आणि पोथीला नाव दिलं ‘स्तवनं’. वधस्तंभावर येशूच्या तोंडीही बाविसाव्याची पहिली ओळ आली, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ तिथेही ‘तू’.

यहुदी लोकांत घरचं माणूस गेलं की मुलं ‘कद्दिश’ नावाची प्रार्थना म्हणतात. तिच्यात मृत्यूचा शब्दही नाही. देवाचं थोर नाव मोठं होवो, पवित्र होवो, एवढंच. हे मला आधी निर्दय वाटायचं, त्या मोसंबीवाल्या भाऊंसारखं. नंतर लक्षात आलं की ती एकट्याने म्हणायचीच नसते. प्रथेप्रमाणे निदान दहाजण लागतात, आणि मध्ये मध्ये तेच ‘आमेन’ म्हणतात. दुःखी माणसाच्या तोंडी शब्द येत नसले तर ते बाकीचे सावरून धरतात. तुमच्या गुरुवारच्या सभेचं काम तेच आहे. चहाच्या वेळी चुका दाखवणं हे नव्हे.

तेव्हा खोटी कुठली? जे दिसत नाही ते दिसतंय म्हणणं खोटं. आज अंधार असताना ‘किती छान उजेड’ म्हणू नकोस. पण काल उजेड पाहिला होता, तो आठवून बोलणं खोटं नाही. तेराव्या स्तोत्राचा माणूस सहा ओव्यांमध्येच ‘त्याने माझ्यावर उपकार केले’पर्यंत पोचतो, तो असा, मागचं आठवून.

आता काय करायचं ते सांगते. एक महिनाभर स्तुतीचे तयार शब्द तोंडात घेऊच नकोस. रात्री आई कूस बदलत असेल तेव्हा तिच्याजवळ बस आणि देवाला तुझ्या बाबांची एकेक गोष्ट सांग, आईला ऐकू जाईल अशी. रात्री दोनची रिक्षा, न घेतलेले पैसे. त्याला ठाऊक नसेल म्हणून नाही. विशेषण लावायची घाई करू नकोस. चौथं वाक्य यायचं तेव्हा येईल, नाही आलं तर नाही. बूट काढायची आठवण मात्र ठेव. म्हणजे बोलण्याआधी मिनिटभर गप्प बस.

आणि पुढच्या गुरुवारी तुझी पाळी आली, तर पुस्तक उघडून तेरावं स्तोत्र मोठ्याने वाच. तक्रार आहे, मागणं आहे, शेवटी स्तुती आहे, आणि पवित्र शास्त्रातलं असल्याने कुणाला काही म्हणता येणार नाही. (हा थोडा वकिली सल्ला झाला. चालेल.) सभा संपली की मावशींच्या शेजारी जाऊन बस आणि विचार, ‘मावशी, तुम्हाला आधी स्तुती करायला कुणी शिकवलं?’ वाद घालायला नको, खरंच विचार. या वयाच्या बायका असं काही घट्ट धरून ठेवतात त्यामागे बहुतेक वेळा एखादी रात्र असते.

काय म्हणाल्या ते मला कळव. आणि आईला डॉक्टरांकडे नेलंस का, तेही.